मिसेस परेरा गैरहजर

आगमनकाळ सुरू झाला की माझं डोकं फिरतं. नाताळच्या आधीचे चार रविवार. वेदीवर जांभळं वस्त्र येतं, फादरांच्या अंगावर जांभळा झगा येतो, आणि आमच्या घरातली माणसं माझ्यापासून जरा लांबून चालायला लागतात. सून नातवाला दबक्या आवाजात सांगते, "आजीला आता नाताळपर्यंत काही विचारू नकोस हं." तिचा समज असा की थंडीने माझे गुडघे धरतात आणि म्हणून मी करवादते. गुडघे बारा महिने दुखतात. हा राग तेवढा चार आठवड्यांचा आहे, आणि तो पन्नासहून जास्त वर्षं जुना आहे.

परवा पहिल्याच रविवारी चर्चमध्ये मिस्सेची उपासना संपल्यावर दारात एका मुलीने हातात कागद दिला. गुळगुळीत, रंगीत, कडेने पानाफुलांची नक्षी. वर 'आगामी कार्यक्रम', खाली 'स्वयंसेवक हवेत'. कॅरल, येशूच्या गोठ्याची सजावट, वृद्धाश्रमाला भेट, वस्तीतल्या मुलांचा मेळावा, अल्पोपाहार. प्रत्येकापुढे नाव लिहायला रेघ. मुलगी गोड हसून म्हणाली, "आंटी, तुम्ही अल्पोपाहारात नाव द्या ना. बसून करायचं काम आहे."

"आणि कप कोण धुणार?" मी विचारलं.

ती गोंधळली. "कप... त्याला बाई येते ना आंटी."

"तिचं नाव कुठल्या रेघेवर आहे?"

मुलीने कागद उलटसुलट करून पाहिला. खरंच पाहिला, बिचारीने. मुलगा माझा दंड धरून मला रिक्षाकडे घेऊन गेला. रिक्षात तो म्हणाला, "आई, त्या पोरीने तुझं काय घोडं मारलंय?" काहीच नाही. ती जन्मलीही नव्हती.

कलकत्त्याला आम्ही गेलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. साठीचं दशक संपत आलं होतं. बाबा तारखात्यात. कारकून म्हणून चिकटले, खात्याच्या परीक्षा देत देत अधिकारी झाले, आणि अधिकारी झाल्याबरोबर खात्याने त्यांना उचलून वसईहून थेट बालीगंजात नेऊन ठेवलं. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली फुटपाथवर इस्त्रीवाला, समोरच्या भिंतीवर काळ्या रंगातल्या घोषणा. त्या पुसल्या की दुसऱ्या दिवशी दुप्पट मोठ्या अक्षरांत परत. कधी बंद, कधी दिवे गेलेले, कधी ट्राम मध्येच उभी. पण डिसेंबर आला की शहर अंगावर शाल घेऊन बसायचं. संध्याकाळी घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटायच्या आणि त्यांचा धूर वर न जाता रस्त्यावरच रेंगाळायचा. डोळे चुरचुरायचे. मिठाईच्या दुकानांत नव्या गुळाचे संदेश यायचे, संत्र्यांचे ढीग लागायचे, आणि दहा अंश थंडी पडली रे पडली की धडधाकट बाप्ये माणसं कानटोप्या घालून डोळ्यांपुरती उरायची. आई त्यांना बघून तोंडाला पदर लावून हसायची. त्या शहरात तिला हसू आणणाऱ्या गोष्टी फार नव्हत्या.

आई वसईची. लाल लुगडं, मागे कासोटा, कानात कुड्या, अंबाड्यात एखादं फूल. गावात बायकांचा वेशच तो. गावच्या देवळात (वसईत आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) ती लग्नाच्या आधीपासून गायची. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये असे. आईला लॅटिनचा एक शब्द कळत नव्हता, पण सगळी मिस्सा तोंडपाठ होती, सुरासकट. लॅटिन कुणालाच कळत नव्हतं, मास्तरांना नाही, सावकाराला नाही, त्यामुळे तिथे सगळे एका पातळीवर. मग रोमहून फर्मान सुटलं की ज्याने त्याने आपल्या भाषेत प्रार्थना करावी. गावात मराठी मिस्सा सुरू झाली, आई हरखून गेली. आणि वर्षा-दोन वर्षांत आम्ही कलकत्त्याला आलो. तिथल्या आमच्या चर्चची 'आपली भाषा' इंग्रजी होती.

आईला इंग्रजी येत नव्हतं, बंगाली येत नव्हतं, आणि हिंदी बाजारापुरतं. सहा महिने ती मुकी होती. मिस्सेला जायची ती सकाळी सहाच्या, पहिल्या, गावची सवय. तिथे बालीगंजातल्या घराघरांतून कामाला असलेल्या आया यायच्या, बहुतेक रांचीकडच्या. पांढऱ्या साड्या, अनवाणी पाय, मागचे बाक. आई त्यांच्यात बसायची आणि ओठ न हलवता परत यायची. मी आणि बाबा आठच्या मिस्सेला जायचो. आठची मिस्सा फ्रॉकवाल्यांची, सुटवाल्यांची, माझ्या शाळेतल्या मुलींची. आम्ही दोघं आठला आणि आई सहाला, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर ते फार सोयीचं वाटायचं.

त्या वर्षी आगमनकाळाच्या आधी पोर्चमधल्या हिरव्या कापडाच्या फळ्यावर टाइप केलेले कागद लागले. येणारे कार्यक्रम आणि हवी असलेली माणसं. हे सगळं बघायच्या मिसेस नोरोन्हा. गोव्याच्या, म्हणजे तशा आमच्याच किनाऱ्याच्या, पण तीन पिढ्या कलकत्त्यात. पियानो शिकवायच्या. सडसडीत, गुडघ्यापर्यंतचा करड्या लोकरीचा स्कर्ट, गळ्यात चष्म्याची साखळी. कामाला वाघ होत्या, हे कबूल करते. म्हाताऱ्यांना ब्लँकेटं, वस्तीतल्या पोरांना खेळणी, आजाऱ्यांच्या घरी फादरांना नेणं, सगळं त्या वेळच्या वेळी करायच्या. त्या वाईट असत्या तर माझं किती सोपं झालं असतं.

त्या फळ्यावर एक चाल होती, ती कुणी सांगत नसे पण सगळ्यांना ठाऊक असे. कॅरल, सजावट, नाटुकलं, या कागदांवर ज्यांची नावं, ते स्वतः येत. 'कपबश्या आणि स्वच्छता' या कागदावरही बायका आपलीच नावं घालत, आणि यायच्या वेळी आयेला पाठवत. कागदावर मिसेस अमुक, मोरीपाशी तिची आया. नाताळच्या मिस्सेत फादर आभार मानताना नावं वाचत ती कागदावरची. कपबश्यांच्या कागदावर पहिलं नाव स्वतः मिसेस नोरोन्हांचं होतं. त्यांच्या वतीने यायची मोनिका, त्यांच्याकडे अकरा वर्षं कामाला असलेली.

त्या साली फादरांनी जाहीर केलं की नाताळला जुनी आठवण म्हणून दोन गीतं लॅटिनमध्ये होतील. बाबांनी जेवताना सहज सांगितलं. आईने घास तसाच ठेवला.

"खरंच? कुठली?"

बाबांनी सांगितली. आईने ताटावर बसल्या बसल्या पहिल्या गीताची पहिली ओळ म्हटली. स्वयंपाकघरात, उष्ट्या हाताने. सहा महिन्यांनी तिचा गाता आवाज ऐकत होतो आम्ही. बाबा म्हणाले, "मग नाव दे की."

"घेतील मला?"

"कागदावर लिहायचं असतं. लिहिलं की झालं."

पुढच्या रविवारी बाबांनी आपल्या वळणदार इंग्रजी अक्षरात गायनाच्या कागदावर लिहिलं: मिसेस ए. परेरा. ए म्हणजे आग्नेस. आता ही परेरा आडनावाची गंमत बघा. मिसेस परेरा म्हटल्यावर तिथल्या कुणाच्याही डोळ्यांपुढे काय उभं राहणार? कापलेले केस, फ्रॉक, टाचांचे बूट, हातात पर्स.

शनिवारी दुपारी तालीम. मी आधीपासूनच गायनात होते, शाळेतल्या सगळ्याच मुली होत्या. आईने ठेवणीतलं लुगडं काढलं. घरातून निघालो तेव्हा मी तिच्या दहा पावलं पुढे होते. मुद्दाम नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. चर्च येईपर्यंत वीस झाली.

गायनाची गॅलरी वर होती, लाकडी जिना चढून. आई माझ्यामागून चढली आणि भिंतीपाशी उभी राहिली, पदर सारखा करत, चेहऱ्यावर ते लग्नघरात शिरताना असतं तसं हसू. मिसेस नोरोन्हांनी हार्मोनियमवरून मान वर केली, चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इंग्रजीत विचारलं, "लुसी, मम्मीने आयेला पाठवलं का?"

सोळा-सतरा मुली होत्या. सगळ्या वळून बघत होत्या. आणि मी मान हलवली. बस्, एवढंच. खाली, वर.

"अरे देवा," मिसेस नोरोन्हा म्हणाल्या. "मम्मीला सांग, हे काही कप धुणं नाही. गायला आया पाठवून कसं चालेल?" मुली खिदळल्या. मीही हसले. "असू दे, आलीच आहे तर खाली मदत करू दे." मग आईकडे बघून हाताने खाली दाखवत हिंदीत, "नीचे जाओ, नीचे. मोनिका बताएगी."

आईने मला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, जागा भरली. खाली हात कमी पडताहेत."

आईने माझ्या मागे पाहिलं. मागचे दोन बाक रिकामे होते. मला ते माहीत होतं, तिला दिसत होतं. "बरं," ती म्हणाली, आणि एका हाताने निऱ्या सावरत जिना उतरून गेली. लाकडी पायऱ्यांवर तिच्या पावलांचा आवाजही झाला नाही.

इथे मला थांबून चिडायचं आहे. मिसेस नोरोन्हांवर चिडायचं आहे. बाई, तू तिला विचारलं का नाहीस? तोंड तिलाही होतं. चौदा वर्षांच्या पोरीला विचारलंस, आणि तेही असं की होकार सोडून दुसरं उत्तर उरू नये. लाल लुगडं दिसलं, टाचांच्या भेगा दिसल्या, रापलेला रंग दिसला आणि तुझा हिशोब झाला. आणि समजा ती आया असती? आयेला लॅटिन येत नसेल हे तुला कुणी सांगितलं? देवाला कळतं ते तुला कळायला काय हरकत होती? मी असं तासन्‌तास चिडू शकते. वर्षानुवर्षं चिडलेली आहे. नवऱ्याला सांगून झालं, मुलांना सांगून झालं, विहिणीला सांगून झालं. सगळे मिसेस नोरोन्हांवर चिडले. फार बरं वाटायचं.

पुढच्या शनिवारी आई परत आली. बोलावलेलं नसताना. म्हणाली, "खाली हात कमी पडतात ना." दर तालमीला मिसेस नोरोन्हा आधी हजेरी घ्यायच्या. कागदावरची नावं एकामागून एक. "मिसेस परेरा?" शांतता. "गैरहजर." पेन्सिलीची फुली. मग माझ्याकडे एक नाराज नजर, आणि मी खांदे उडवायची, मम्मीचं काय सांगावं, अशा थाटात. मिसेस परेरा त्या क्षणी माझ्या पायांखाली पंधरा फुटांवर, मागच्या अंगणातल्या नळापाशी उकिडव्या बसून चाळीस कप विसळत होत्या.

त्यांच्याबरोबर मोनिका. रांचीकडची, चाळिशीची, दणकट. तिची हिंदी आईला अर्धी कळायची आणि आईची हिंदी मोनिकाला त्याहून कमी. तरी त्या तासन्‌तास बोलायच्या, म्हणजे बोटं मोजून दाखवायच्या, हसायच्या. मोनिकाला गावी दोन मुली होत्या, त्या आजीपाशी राहात, हे आईने मला घरी आल्यावर सांगितलं. किती लांब गाव, वर्षातून किती दिवस रजा, धाकटीला सातवीत कितवा नंबर. आईला तिथे कुणीतरी मिळालं होतं. मी ऐकत नसल्यासारखं करायची.

तिसऱ्या शनिवारी वर तालीम रखडली होती. लॅटिनचे शब्द मुलींच्या जिभेला वळत नव्हते, आणि वरच्या सुरापाशी सगळ्यांचा आवाज चिरकायचा. मिसेस नोरोन्हा पुन्हा पुन्हा थांबवत होत्या. अशाच एका थांबण्यात खिडकीतून तेच गीत वर आलं. खालून. दोन आवाज, एक उंच, एक त्याच्या खाली जाड घोंगडीसारखा पसरलेला. मोनिकाच्या गावी मिशनच्या फादरांनी तेच लॅटिन शिकवलं होतं. कप विसळता विसळता कुणीतरी सुरुवात केली असेल. ज्या वरच्या सुरापाशी आम्ही फुटत होतो तिथे आईचा आवाज सरळ चढला, तिथे थोडा थांबला, आणि तसाच उतरला. चहा करणारे बिनोददा खाली ओरडले ते मला स्पष्ट ऐकू आलं, "की मिष्टी गला, दीदी!" किती गोड गळा.

मिसेस नोरोन्हांची बोटं पट्ट्यांवर होती पण दाबलेली नव्हती. त्यांना गाणं कळत होतं. एक क्षणभर त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं. मला वाटलं, आता या उठणार, खाली डोकावणार, विचारणार, कोण गातंय? आणि मग सगळं बाहेर येणार.

"लुसी," त्या म्हणाल्या, "खिडकी लाव पाहू. मुलींचं लक्ष विचलित होतंय."

मी उठले आणि खिडकी लावली. घाईघाईने, खटकन. हा भाग मी नवऱ्याला सांगितला नव्हता, विहिणीलाही नाही.

नाताळ आठवड्यावर आला तेव्हा, रविवारी दुपारी, आमची बेल वाजली. आई करंज्यांचं पीठ मळत होती, तशीच पिठाच्या हातांनी दार उघडायला गेली. दारात मिसेस नोरोन्हा. जिना चढून धाप लागलेली, हातात गायनाचा कागद. नाव देऊन चारही शनिवार न फिरकणाऱ्या मिसेस परेरांना जाब विचारायला आल्या होत्या.

आईला पाहून त्यांनी ओळखीची मान हलवली आणि म्हणाल्या, "मेमसाब को बुलाओ."

"बोलो," आई म्हणाली.

"मेमसाब, मेमसाब. मिसेस परेरा."

आईने पिठाचा हात स्वतःच्या छातीकडे नेला. "मैं ही."

मी आतल्या दारात उभी होते. पळून जायला जागा असती तर पळाले असते. बाबा वर्तमानपत्र टाकून उठले, "या, या, मिसेस नोरोन्हा, ही माझी मिसेस," आणि खुर्ची पुढे केली. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी आई दर शनिवारी गायला जात होती.

मिसेस नोरोन्हा बसल्या नाहीत. मानेपासून लाल होत गेल्या. माफी मागितली, तीनतीनदा. "मला कल्पनाच नव्हती की या तुमच्या..., एका अधिकाऱ्याच्या... मला वाटलं..." काय वाटलं ते त्यांना बोलवेना, आणि बाबांना अजून कळेना. मग ते हळूहळू बाहेर आलं. आणि कोंडीत सापडलेलं माणूस करतं तेच त्यांनी केलं. माझ्याकडे बोट केलं. "पण मी तुमच्या मुलीलाच विचारलं होतं! तीच हो म्हणाली!"

बाबा तारखात्यातला माणूस. निरोप आला की जसाच्या तसा पोचवायचा, पदरचा शब्द घालायचा नाही. आईकडे वळून त्यांनी मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, त्यांनी आपल्या लुसीला विचारलं, ही तुमची आया का. लुसी हो म्हणाली."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग ती मिसेस नोरोन्हांकडे वळली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "हां. हमने ही बोला था उसको. ऐसा बोलने को."

"पण का?"

"हमको नीचे का काम पसंद है."

मिसेस नोरोन्हांनी सुस्कारा सोडला. त्यांना तो खुलासा हवाच होता. त्या एकदम मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, आता मात्र वर यायचं, शनिवारी शेवटची तालीम, पहिल्या रांगेत जागा. बाबांनी भाषांतर केलं, चेहरा फुललेला.

आईने विचारलं, "मोनिका भी?"

"मोनिका? आमची मोनिका?"

"वो नीचे का सुर पकड़ती है. मेरे से अच्छा."

"आमची मोनिका गाते?" अकरा वर्षं ती बाई त्यांच्या घरात होती. मिसेस नोरोन्हा हसल्या, मग आई हसत नाही हे पाहून थांबल्या. "पण मग," त्या म्हणाल्या, आणि हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, कार्यक्रमाची काळजी असलेल्या माणसासारखं, "मग खालचं कोण बघणार?"

बाबांनी भाषांतर करायची गरज पडली नाही. "तो फिर," आई म्हणाली, "हम नीचे ही ठीक." आणि पिठाकडे परत गेली.

त्या नाताळला आठच्या मिस्सेत फादरांनी आभाराची नावं वाचली. कपबश्या आणि स्वच्छता: मिसेस नोरोन्हा, आणखी चारपाच जणी, आणि शेवटी, नव्याने टाइप केलेलं, मिसेस परेरा. बाबा खूश झाले, मला कोपराने ढोसलं. मोनिकाचं नाव नव्हतं. कसं असेल, तिच्या वतीने मिसेस नोरोन्हांचं होतंच की. आई आणि मोनिका सहाच्या मिस्सेला येऊन गेल्या होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली, आणि मी उभी राहून, अंगात पांढरा झगा, लॅटिन गायले. वरच्या सुरापाशी फुटलो आम्ही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पण त्या रागाचं मला काही वाटत नाही. तो स्वस्तातला राग आहे, दुसऱ्यावरचा. कुठल्याही कागदावर, कुठल्याही पोरीवर काढता येतो. खरा राग त्या आधीच्या शनिवारचा आहे.

त्या रविवारी मिसेस नोरोन्हा आमच्याकडून गेल्यावर बाबा आईवर थोडे चिडले. "एवढ्या घरी येऊन बोलावत होत्या. आणि पोरीला असलं खोटं कशाला शिकवलंस?" आईने पोळपाट पुढे ओढला. बाबा खाली पान खायला गेले. मी स्वयंपाकघरात गेले आणि उभी राहिले. मला मार हवा होता. गावी असताना आईने मला लाटण्याने मारलेलं आहे, बोरांसाठी खोटं बोलले म्हणून. मी वाट बघत होते. ती लाटत होती.

"खिडकी तू लावलीस ना?" तिने विचारलं. "मी खालून पाहिलं."

"हो."

तिने करंजी भरली, कडा दुमडली, नखाने मुरड घातली. पुढची घेतली.

"शनिवारी माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. "बरोबर. पुढे नाही."

शनिवारी आम्ही बरोबर चाललो. धूर उतरायला लागला होता, इस्त्रीवाल्याने आईला हात केला, तिने त्याला केला. तिच्या लुगड्याचा काठ माझ्या स्कर्टला लागत होता. चर्चच्या फाटकाशी माझ्या वर्गातल्या तिघी उभ्या होत्या. मी आईचा हात धरला. तिने धरू दिला. तिघींच्या समोरून आम्ही गेलो, आणि मला सांगायला हवं की काहीसुद्धा झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. एक म्हणाली, "हाय लुसी," आणि आपल्या बोलण्यात गुंतली. महिनाभर ज्याला भ्याले ते एवढंच होतं.

जिन्याच्या पायथ्याशी आलो. मागच्या अंगणातून मोनिकाने कपांचं टोपलं खणखणवलं, "आइए दीदी!" वरून हार्मोनियम सुरू झालं होतं. मी थांबले. माझ्या मनात होतं, अगदी ओठांवर होतं, की म्हणावं, मीपण येते तुझ्याबरोबर. नळाशी बसते. चाळीस कप, तिघी जणी, अर्ध्या तासात झाले असते. आईही थांबली होती. माझा हात अजून तिच्या हातात होता, आणि तो तिने सोडलेला नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला आज कळतं की ती वाट बघत होती.

वरून मिसेस नोरोन्हांनी हजेरी सुरू केली. आईने हात सोडला.

"जा," ती म्हणाली, "वर जा. उशीर होतोय."

आणि मी गेले.